मराठी-इंग्रजी उतारे टिपायला पेन स्कॅनर घ्यावा का?

नेरुळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ठाणे खाडीकाठची मिठागरं हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. दर शनिवारी ते ठाण्याला ग्रंथालयात बसून पंधरा-वीस उतारे वहीत उतरवून घेतात आणि रविवारी तेच संगणकावर टाइप करतात. निम्मे उतारे मराठी पुस्तकांतले आणि जुन्या स्मरणिकांतले, निम्मे इंग्रजी. इंग्रजीत १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथही आहे. त्यांनी बारा हजारांचं एक पेन स्कॅनर पाहिलं आहे, त्याच्या जाहिरातीत '११२ भाषा' असं लिहिलंय. घेऊ का, मराठी वाचेल का, असं ते विचारतात.

तुम्ही पेनाबद्दल विचारलंत, पण तुमची खरी अडचण मला दुहेरी कामाची दिसते. एकच उतारा दोनदा लिहिला जातो आणि दोन्ही वेळा चूक होऊ शकते. त्यामुळे पेन एक ओळ किती सेकंदांत वाचतं, या आकड्याला फारसं महत्त्व देऊ नका. उतारा सापडल्यापासून तो तपासून, पानक्रमांकासह तुमच्या फाइलमध्ये बसेपर्यंत किती मिनिटं गेली, तेवढंच मोजा. या कामात वाचनयंत्राचा वेळ थोडा असतो, दुरुस्तीचा जास्त.

तुमच्यापुरतं थेट उत्तर असं: इंग्रजीच्या छोट्या उताऱ्यांसाठी पेन चांगलं काम करेल. मराठीसाठी आज तुमच्या खिशातला फोनच जास्त भरवशाचा आहे. केवळ मराठीसाठी बारा हजार घालणार असाल तर घालू नका. मात्र हे उत्तर तीन गोष्टींवर बदलेल: पुस्तकांची छपाई कशी आहे, ग्रंथालय फोटो काढू देतं का, आणि तुमचा टायपिंगचा वेग किती आहे.

आधी पेन काय करतं ते पाहू, म्हणजे पुढच्या चुका कुठून येतात ते कळेल. टोकाशी एक छोटी काच, तिच्या आत एलईडी दिवे आणि बारीक कॅमेरा असतो. टोक कागदावर दाबलं की कळ दबते आणि दिवे लागतात. पेन ओळीवरून सरकत असताना कॅमेरा भराभर लहान चित्रं घेतो, एकमेकांवर थोडी चढणारी ही चित्रं जोडून एक लांबट पट्टी तयार होते. मग ओसीआर, म्हणजे अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, त्या पट्टीचा मजकूर करतो. हा प्रोग्राम काही पेनांत आतच असतो, काहींत तो संगणकावर किंवा फोनवर चालतो. सी-पेन, आयरिसपेन, स्कॅनमार्कर ही या प्रकारातली ओळखीची नावं. दुकानात 'हँडी स्कॅनर' म्हणून जी फूटभर लांब पट्टी दाखवतात ती वेगळी वस्तू आहे. ती आख्ख्या पानाचं चित्र घेते, मजकूर देत नाही.

पेनाचं खरं बळ निवडण्यात आहे. तुम्हाला पाहिजे तेवढ्याच ओळी ते उचलतं. गॅझेटियरच्या पानाचंच उदाहरण घ्या. मुख्य मजकुराशेजारी समासात प्रकरणाचं नाव आणि उपशीर्षकं छापलेली असतात, खाली बारीक टाइपात तळटिपा असतात. आख्ख्या पानाचा फोटो ओसीआरला दिला की समासातले शब्द मजकुराच्या मधोमध घुसतात आणि तळटीप शेवटच्या वाक्याला चिकटते. पेनाला समास दिसतच नाही. दोन रकान्यांची स्मरणिका, चौकटीतला मजकूर, कोशातली एखादी नोंद, सूचीतल्या चार ओळी, हे सगळं पेनाचं क्षेत्र. याउलट सलग दोन पानं उचलायची असतील तर पेन हातात घेऊ नका. चाळीस ओळींच्या पानाला चाळीस फेऱ्या लागतात आणि पंचविसाव्या ओळीनंतर हात वाकडा जायला लागतो.

गॅझेटियरबद्दल आणखी एक. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा तेरावा खंड दोन भागांत आहे आणि तो इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतो. पानांच्या चित्रांखाली ओसीआरनं केलेला जो मजकूर असतो तो कच्चा आहे, पण शब्द शोधायला उपयोगी पडतो. 'मीठ' किंवा 'खाडी' यांचे इंग्रजी शब्द घालून पान शोधा, उतारा तिथूनच कॉपी करा आणि पानाच्या चित्राशी ताडून दुरुस्त करा. यात पेनाची गरजच पडत नाही. मात्र या ग्रंथात स्थळनामांतल्या स्वरांवर तिरक्या रेघा दिलेल्या आहेत. ठाण्याच्या नावातही पहिल्या रोमन 'ए'वर अशी रेघ आहे. ओसीआर ती रेघ गाळतं किंवा त्या अक्षराचं भलतंच काहीतरी करतं. म्हणून एकाच गावाचं नाव दोन-तीन प्रकारांनी शोधून पाहा. रुपयांच्या रकमा तिथे पौंडांतही दिलेल्या असतात. पौंडाची खूण बहुतेक वेळा 'ई' किंवा 'एफ' होऊन येते आणि रकमेचा अर्थच बदलतो. मिठाच्या महसुलाचे आकडे घेत असाल तर प्रत्येक आकडा पानाशी जुळवूनच पुढे जा.

आता मराठी. इथे जरा थांबायला हवं, कारण 'हिंदी चालतं म्हणजे मराठी चालेल' असं विक्रेते सर्रास सांगतात.

रोमन अक्षरं एका पट्टीत मावतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. म्हणजे त्याच आकाराच्या टाइपाला पेनाची खिडकी, म्हणजे टोकाची काच, उभ्या अंगानं जास्त लागते. पेन अर्धा मिलिमीटर खाली सरकलं तर 'की'चा 'का' होतो, 'तें'चा 'त' होतो, अनुस्वार तर सहज जातो. वर सरकलं तर 'कुळ'चं 'कळ' होतं. ओळी दाटीनं बसवलेल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खिडकीत डोकावतो आणि खालच्या अक्षराची मात्रा ठरतो. इंग्रजीत इतकं वरखाली झालं तर सहसा काही बिघडत नाही. या चुका प्रोग्राम सुधारून जात नाहीत, कारण अक्षराचा तो भाग चित्रातच आलेला नसतो.

दुसरी अडचण ओळखण्याची. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या जुन्या छपाईत नेहमी फसवतात. 'ख'चा 'रव' होतो. 'विद्या'ची 'विधा' होते. 'द्ध'चा 'ध्द' होतो, हा तर डोळ्यालाही चटकन दिसत नाही. हिंदीवर शिकवलेल्या प्रोग्रामला 'ळ' अनोळखी असतो, त्याचा 'ल' किंवा 'क' करून तो मोकळा होतो. 'दऱ्या'तला अर्धा र तर हिंदीत नाहीच, त्यामुळे 'दर्या' तयार होतो. तुमच्या विषयात दर्याही आहे, त्यामुळे ही चूक वाचताना खटकणारसुद्धा नाही. आकड्यांत १ आणि ९, ४ आणि ५ यांची अदलाबदल होते. देवनागरी शून्याचा कधी पूर्णविराम, कधी रोमन 'ओ' होतो.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेल्या, छपाईची पुस्तकं असतील तर आणखी एक गोष्ट. तिथे शिरोरेषा सलग नसते, खिळ्याखिळ्यांत बारीक फट असते. शब्द कुठे संपतो हे प्रोग्राम बऱ्याच अंशी शिरोरेषेवरून ठरवतो, त्यामुळे 'मिठागर'चं 'मिठा गर' होतं. शाई जास्त झालेल्या पानावर उलट घडतं, दोन शब्द जोडले जातात. नुसती जागा चुकली असेल तर घाबरू नका, ती दुरुस्ती सोपी आहे. गेलेला अनुस्वार शोधणं अवघड.

अनुस्वारावरून जुन्या शुद्धलेखनाकडे येतो, कारण प्रबंधासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली राज्यानं स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'आगरें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजागी भेटतात. आजच्या मजकुरावर शिकलेलं ओसीआर आणि त्याच्या जोडीचा शब्दतपासनीस या अनुस्वारांना चूक समजून काढून टाकतात. 'कांहीं'चं 'काही' होतं. वाचायला ते जास्त स्वच्छ वाटतं आणि म्हणूनच निसटतं. उतारा अवतरणचिन्हांत देणार असाल तर मूळ लेखन जसंच्या तसं पाहिजे. म्हणून पेन असो वा फोन, आपोआप दुरुस्तीची सोय बंद करा. १९६२ च्या आधीचा उतारा तपासताना एक फेरी फक्त शिरोरेषेच्या वरच्या खुणांसाठी ठेवा. मजकूर न वाचता, फक्त टिंबं आणि मात्रा जुळवत जायचं. पेन्सिलीचं टोक छापील ओळीवर ठेवून हे केलं तर साठ शब्दांना मिनिटभरही लागत नाही.

तरीही पेन वापरायचंच असेल तर ते कसं धरायचं ते सांगतो. बहुतेक तक्रारी यंत्राच्या नसतात, धरण्याच्या असतात. पुस्तक टेबलावर सपाट ठेवा आणि ओळ आपल्या छातीला समांतर घ्या. पेन जवळजवळ उभं, किंचित कललेलं धरा आणि टोकाच्या दोन्ही कडा कागदाला टेकल्या पाहिजेत. पहिल्या अक्षराच्या पाच-सात मिलिमीटर आधी टेकवा, थेट अक्षरावर टेकवलं तर पहिलं अक्षर हमखास कापलं जातं. शेवटचं अक्षर ओलांडून तेवढंच पुढे जाऊन उचला. डेमी आकाराच्या पुस्तकाची ओळ दहा-अकरा सेंटिमीटर भरते, तिला दीड-दोन सेकंद द्या. वेग एकसारखा ठेवणं जास्त महत्त्वाचं. मध्येच थबकलात तर एखादं अक्षर दोनदा येतं, झटका दिलात तर गाळलं जातं. मनगट न हलवता कोपरापासून हात सरकवा, म्हणजे ओळीच्या शेवटी पेन खाली घसरत नाही. सुरुवातीला ओळीखाली पारदर्शक फूटपट्टी ठेवून तिच्या आधारानं सरकवा, पण पट्टीची कड खिडकीत येऊ देऊ नका, ती अधोरेखा म्हणून वाचली जाते. देवनागरीसाठी पेनावरची मध्यखूण अक्षराच्या पोटावर न ठेवता थोडी वर, शिरोरेषेच्या बाजूला घ्या. किती वर, ते खिडकीच्या उंचीवर ठरतं. पाच ओळींत हाताला कळतं. डावखुरे असाल तर सेटिंगमध्ये डाव्या हाताची सोय असते, ती आधी सुरू करा.

टाइपाच्या आकारालाही मर्यादा आहे. साधारण ७ ते २० पॉइंटांच्या (पॉइंट हे टाइपाच्या आकाराचं माप) मधलं पेनाला जमतं. मोठी शीर्षकं खिडकीत मावत नाहीत, ती हातानं टाइप करा. मोडी दस्त किंवा हस्तलिखित असेल तर पेन बाजूला ठेवा.

कागदाबद्दल. जाड पुस्तकाच्या बांधणीजवळ पान वळतं, पेनाची एक कड उचलली जाते आणि प्रत्येक ओळीचा पहिला किंवा शेवटचा शब्द बिघडतो. उघडलेल्या पुस्तकाच्या कमी पानांच्या बाजूखाली घडी घातलेला रुमाल सारून दोन्ही बाजू एका पातळीवर आणा आणि डाव्या हाताचं बोट बांधणीशी दाबून ठेवा. पुठ्ठा करकरेपर्यंत दाबू नका. पातळ कागदावर मागची छपाई दिसत असेल तर पानामागे काळा कागद सरकवा. गुळगुळीत आर्टपेपर चकाकतो, तिथे पेनाचा कल थोडा बदलून पाहा. ज्या पेनात फक्त लाल प्रकाश असतो त्याला लाल शाई दिसत नाही, आणि जुन्या स्मरणिकांत लाल शीर्षकं पुष्कळ असतात. पावसाळ्यात कागद लहरी घेतो, त्या दिवसांत चुका वाढतात हे धरून चला. थंड वातानुकूलित खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर काचेवर वाफ धरते, ती दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जाऊ द्या.

काचेवर धुळीचा कण बसला तर तो चित्रात टिंब म्हणून दिसत नाही. पेन सरकतं, कण जागच्या जागी राहतो, त्यामुळे सबंध ओळीभर एक आडवी रेघ उमटते. ती शिरोरेषेजवळ आली की मराठी मजकुराचा पार चुराडा होतो. म्हणून अचानक सगळ्याच ओळी बिघडायला लागल्या तर आधी काच कोरड्या, मऊ कापडानं पुसा. जुन्या कागदाचा भुसा लवकर साठतो, दर तासाला एकदा पुसलेलं बरं.

आणि कडा तुटणारा, पिवळा पडलेला कागद असेल तर त्यावर पेन फिरवूच नका. घासल्यानं शाई उडते, कागदाचा पापुद्रा निघतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. अशा जुन्या संस्थांत काही पुस्तकांची दुसरी प्रत कुठेच मिळायची नाही. पेन, फोन, फ्लॅश यांबद्दल तिथला नियम काय, ते ग्रंथपालांना बसण्याआधीच विचारा.

फोटोची परवानगी मिळाली तर मराठीसाठी हा क्रम ठेवा. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचं असतं. डेमी पानाची उंची सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ इंच. चित्राची लांब बाजू पानानं पूर्ण भरली तर इंचाला ४५० च्या वर ठिपके मिळतात. ओसीआरला ३०० पुरतात. पण लांबून फोटो काढून पान अर्ध्या चौकटीतच बसवलंत तर तोच आकडा २३० च्या आसपास येतो आणि अनुस्वार विरघळतात. त्यामुळे एका वेळी एकच पान घ्या, फोन कागदाला समांतर धरा, झूम वापरू नका, फ्लॅश बंद. स्वतःची सावली पडत असेल तर खिडकी बाजूला येईल असं बसा. ट्यूबलाइटखाली आडवे काळपट पट्टे दिसले तर जागा बदला.

फोटो काढल्यावर पाहिजे तो परिच्छेद कापून वेगळा करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग ओळी मिसळल्या म्हणून ओसीआरला दोष देतात. परिच्छेद कापला की पेनाचा निवडीचा फायदा फोनलाही मिळतो. मग गूगल लेन्समधून मजकूर कॉपी करा, किंवा चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. संगणकाची सवय असेल तर टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्राम आहे. त्याची चौथी आवृत्ती २०१८ मध्ये आली, तिच्यापासून मराठीची स्वतंत्र भाषाफाइल चांगलं काम देते. मराठी उताऱ्यात इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषा निवडा, नाहीतर इंग्रजी शब्दाचाही देवनागरी कचरा होतो. सगळ्यात मोठा लाभ हा की फोटो तुमच्याकडे राहतो. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी एखाद्या शब्दावर बोट ठेवलं तर पुन्हा ठाणे गाठावं लागत नाही. पेन बहुतेक वेळा चित्र ठेवत नाही, फक्त मजकूर ठेवतं. संशोधनाच्या कामात हा फरक मला फार मोठा वाटतो.

पेन वापरा किंवा फोन, प्रत्येक पुस्तकाचं शीर्षकपानामागचं पान आधी टिपा, जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि साल असतं. उताऱ्याच्या वरच पुस्तकाचं संक्षिप्त नाव, साल आणि पान लिहा. 'नंतर घालू' म्हटलेले पानक्रमांक नंतर सापडत नाहीत. पुस्तक परत करण्याआधी उतारा छापील ओळीशी ताडून घ्या. प्रबंधासाठी असे उतारे घ्यायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात खाजगी वापर आणि संशोधनाची सवलत आहे. आख्खं पुस्तक टिपून इतरांना वाटणं त्या सवलतीत बसत नाही.

आता '११२ भाषां'बद्दल. हा आकडा बहुधा बोललेल्या शब्दांच्या भाषांतराचा असतो. छापील अक्षरं वाचण्याच्या भाषांची यादी वेगळी आणि खूप लहान असते. विक्रेत्याला नेमकं विचारा: छापील मराठी स्कॅन करून मजकूर मिळतो का, आणि तो इंटरनेटशिवाय मिळतो का? 'हिंदी' हे उत्तर पुरेसं धरू नका. संगणकाला जोडल्यावर काही पेनं कीबोर्डसारखी वागतात, म्हणजे कर्सर असेल तिथे अक्षरं टाइप करतात. ही सोय इंग्रजीला छान आहे, पण कीबोर्ड संगणकाला कळांचे क्रमांक पाठवतो, त्यातून देवनागरी धड येत नाही. मराठीसाठी वेगळं ॲप लागतं आणि ते तुमच्या संगणकावर चालतं का, तेही पाहावं लागतं. दुकानात जाताना स्वतःचं एक पुस्तक न्या. 'दऱ्या', 'विद्या', 'शुद्ध', 'कुळ', 'मीठ' हे शब्द असलेल्या दोन-तीन ओळी आधीच खूण करून ठेवा आणि त्यांच्यावरच पेन फिरवा. डब्यातल्या गुळगुळीत नमुना कार्डावर प्रत्येक पेन उत्तम चालतं. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत पाहा, ती संपायच्या आत ग्रंथालयातला एक पूर्ण शनिवार तरी पडला पाहिजे.

घरात वाचनाची अडचण असलेलं मूल असेल आणि पेन त्याच्यासाठीही उपयोगी पडेल असा विचार असेल, तर तो हिशेब वेगळा करा. तिथे मोठ्यानं वाचून दाखवणारं, हेडफोन लागणारं, स्वतःच्या स्क्रीनचं पेन लागतं. संगणकाला मजकूर देणारं पेन त्या कामाचं नाही.

शेवटी वेळेचा हिशेब. साठ शब्दांचा उतारा धरा, सुमारे साडेतीनशे अक्षरखुणा. वहीत लिहायला मिनिटाला वीस शब्दांनी तीन मिनिटं, पुन्हा टाइप करायला दोन, एकूण पाच. असे वीस उतारे म्हणजे शंभर मिनिटं. पेनानं तेच सहा-सात ओळींच्या फेऱ्या, नीट धरण्यासकट अर्धं-पाऊण मिनिट. पुढे दुरुस्ती. ओसीआर ९८ टक्के बरोबर असेल तर ऐकायला छान वाटतं, पण साडेतीनशे खुणांत सात चुका होतात. ९९.५ टक्के असेल तर दोन. स्वच्छ छापलेल्या इंग्रजीत पेन या दुसऱ्या आकड्याच्या जवळ जातं, जुन्या मराठीत पहिल्याच्याही खाली येतं. सात चुका शोधण्यात दोन मिनिटं जातात, आणि एखादी राहतेच.

आता तुमचा टायपिंगचा वेग पाहा. सरकारी टंकलेखन परीक्षेचा मराठीचा ३० शब्दांचा वेग तुम्हाला येत असेल तर साठ शब्द थेट लॅपटॉपवर दोन मिनिटांत होतात, आणि तपासणीही हलकी असते. म्हणजे वही सोडून लॅपटॉप घेऊन बसलात तरी निम्म्याहून जास्त वेळ एक रुपयाही न घालता वाचतो. वेग कमी असेल, किंवा मनगट दुखत असेल, तर पेन-फोनचा फायदा तितका वाढतो.

म्हणून पैसे देण्याआधी येत्या शनिवारी दहा उतारे घ्या, पाच मराठी, पाच इंग्रजी. मराठीतले निदान दोन १९६२ च्या आधीचे असू द्या. सगळे फोनवरून करा आणि प्रत्येकाची दोन वेळांची नोंद ठेवा: मजकूर हाती येईपर्यंतची मिनिटं आणि दुरुस्ती संपेपर्यंतची. इंग्रजीच्या पाचांत जर परिच्छेद कापण्यात आणि समासातले शब्द उपसण्यातच वेळ गेला असेल, आणि असे इंग्रजी उतारे तुम्हाला अजून वर्षभर घ्यायचे असतील, तर इंग्रजीचं साधं, संगणकाला जोडायचं पेन घ्या, स्क्रीनचं आणि भाषांतराचं नको. तसं नसेल तर फोन पुरेसा आहे. दहाही उताऱ्यांचे आकडे इथे लिहिलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.